फिटिंग कधीच फुकट नव्हतं: कार ऑडिओ दुकानदारांना खुले पत्र

कार ऑडिओच्या धंद्यातल्या सर्व दुकानदार मित्रांना,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी चौघं कुठेही भेटले, की दोन मिनिटांत गाडी ऑनलाइनवर येते. ‘आपल्याला माल ज्या भावात पडतो, त्याच्याही खाली ते विकतात.’ ‘गिऱ्हाईक इथे तासभर ऐकतं आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवतं.’ ‘आता आपण सीट कव्हर आणि मॅटच विकायचे.’ ही वाक्यं मीही वर्षानुवर्षं बोलत आलो आहे आणि ती खोटी नाहीत. पण हे रडगाणं इतक्या वेळा गाऊन झालंय, की आपला खरा घाटा कुठे झाला हे बघायचंच राहून गेलं.

ऑनलाइनवाल्याने आपल्याकडून नेलं काय? डब्यावरचा नफा. बंद खोका इकडून घेऊन तिकडे द्यायचा आणि मधली रक्कम गल्ल्यात टाकायची, एवढंच काम त्याने आपल्यापेक्षा स्वस्तात करून दाखवलं. ते तो करणारच होता. गोडाऊन मोठं, माल हजारोंनी, काउंटरला माणूस नाही. त्या शर्यतीत आपण धावतोय ते पायात जड बूट घालून, आणि वर आपणच आपल्याला सांगतोय की अजून जरा जोर लावू.

आपला धंदा डबा विकण्याचा नव्हताच. आपला धंदा डबा बसवण्याचा होता. तसं आपण कधी म्हटलं नाही, ही चूक मात्र आपली. उलट काचेवर मोठ्या अक्षरांत काय चिकटवलं होतं आठवतंय का? ‘फिटिंग फ्री’. मीही चिकटवलं होतं, पिवळ्या स्टिकरवर लाल अक्षरांत. डेकवर (डॅशमधल्या म्युझिक सिस्टिमवर) जे सुटायचं त्यातूनच पोराचा दिवस भरायचा, सोल्डर, टेप, क्लिपा सगळं त्यातच. हिशेब आपल्याला माहीत होता, गिऱ्हाइकाला नव्हता. त्याने तो स्टिकर अक्षरशः खरा मानला. फिटिंगची किंमत शून्य, हे आपणच त्याला वीस-पंचवीस वर्षं शिकवलं. आता तो बाहेरून खोका घेऊन येतो, आपण मजुरी सांगतो आणि त्याला वाटतं की हा आपल्याला दंड करतोय. त्याचं काय चुकलं?

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ऑनलाइन हे संकट आपल्याला वाटतं तेवढं नवं नाही. अमेरिकेत १९७४ साली बिल क्रचफील्ड नावाच्या माणसाने टपालाने कार स्टिरिओ विकायला सुरुवात केली. कॅटलॉग छापायचा, ऑर्डर यायची, खोका पाठवायचा. इंटरनेट नाही, काही नाही, पण कल्पना तीच. सुरुवातीला धंदा चालेना. मग त्याने लोकांनाच प्रश्नावली पाठवून विचारलं. लोकांच्या उत्तरांतून कळलं, की स्टिरिओ त्यांना हवा होता, पण तो गाडीत बसवायची धास्ती होती. डॅश उघडायचा कसा, कुठली वायर कुठे जाते, आपल्या गाडीत हा बसेल का? त्याने कॅटलॉग बदलला आणि त्यात बसवण्याची माहिती घातली. पुढे कुठल्या गाडीत काय बसतं याची माहिती, सूचनांचे कागद, फोनवर मदत, हीच त्या कंपनीची ओळख झाली.

म्हणजे बघा, ज्या माणसाकडे दुकान नाही, गाडी उभी करायला जागा नाही, हातात स्क्रू ड्रायव्हर नाही, त्याने फिटिंगच्या ज्ञानावर धंदा उभा केला. आणि ज्यांच्या नखांत ते ज्ञान काळं होऊन बसलंय, ते आपण ‘फ्री’ म्हणून वाटत राहिलो.

आता मला लाज वाटणारी एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी विशीतला एक मुलगा आला. दोन खोकी काखेत. एकात ॲम्प्लिफायर, दुसऱ्यात वायरिंग किट, दोन्ही ऑनलाइन मागवलेली. ‘काका, हे बसवून द्याल का?’ मी म्हणालो, ‘ज्याने विकलं त्यालाच बोलव ना बसवायला.’ दुकानातली पोरं हसली. मुलगा काही न बोलता गेला. त्या दिवशी मला बरंही वाटलं होतं.

दोन-तीन महिन्यांनी तोच मुलगा परत आला, गाडी ढकलत. दार उघडल्याबरोबर जळक्या रबराचा वास आला. कुणीतरी रस्त्याच्या कडेला बसवून दिलं होतं. आम्ही कार्पेट उचललं. बॅटरीकडून येणारी जाड लाल वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून तशीच आत ओढली होती. भोकाला रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याची धार गाडीच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर वायरचं आवरण कापत राहिली आणि एक दिवस तांबं पत्र्याला टेकलं. तांबं म्हणतो, पण चाकूने खरवडलं तर वरची लाली निघून आत पांढरं ॲल्युमिनियम. फ्यूज होता, नाही असं नाही. पण तो मागे डिकीत, ॲम्पच्या शेजारी. म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंत सगळी वायर उघड्यावर, राखायला कुणी नाही. फ्यूज बॅटरीपासून दोन वितींच्या आत लागतो, कारण तो ॲम्प वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. हे आपल्याकडे कामाला लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात कळतं. खोक्यातल्या कागदावर बहुधा लिहिलेलंही असतं, पण तो कागद वाचतो कोण? आवरण वितळून कार्पेटच्या धाग्यांत असं घट्ट बसलं होतं, की तेवढा तुकडा कापूनच काढावा लागला. त्या मुलाने वेळेवर बॅटरीची पट्टी उपसली म्हणून गाडी राहिली.

मी त्याला पहिल्या दिवशी परत पाठवलं ते माल खराब होता म्हणून नव्हे. खोकं उघडूनही बघितलं नव्हतं. परत पाठवलं ते रागाने. तो राग कंपनीवर होता, ऑनलाइनवर होता, स्वतःच्या घसरत्या गल्ल्यावर होता, आणि निघाला एका पोरावर, जो आपण होऊन पैसे द्यायला माझ्या दारात उभा होता. खोका बाहेरचा असला तरी मजुरी माझीच होती की.

म्हणून पहिली मागणी ही, की बाहेरचा खोका परत पाठवू नका. काही जण म्हणतील, आम्ही परत पाठवत नाही, दुप्पट मजुरी लावतो. तेही मला पटत नाही. दुप्पट मजुरी म्हणजे डब्यावरचा बुडालेला नफा मागच्या दाराने वसूल करणं, आणि गिऱ्हाईक दुधखुळं नाही. मजुरी एकच ठेवा, माल कुणाचाही असो. फक्त बाहेरच्या मालाला एक काम जास्त करा. खोकं गिऱ्हाइकासमोर उघडा, तपासा, आणि जे दिसेल ते कागदावर लिहून त्याची सही घ्या. तपासणीचे वेगळे पैसे लावा. माल बिघडला तर वॉरंटी विकणाऱ्याची, फिटिंग बिघडलं तर जबाबदारी आमची, एवढं स्वच्छ लिहा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि ती तपासणी हीच आपली खरी जाहिरात आहे, हे मला उशिरा कळलं. परवा एकाने ‘३००० वॅट’ छापलेला ॲम्प आणला. मी काही बोललो नाही, फक्त बाजूचा फ्यूज उपसून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यावर आकडा ३०. म्हटलं, मोबाइल काढा आणि गुणाकार करा. गाडी चालू असताना व्होल्टेज फार तर १४.४. गुणिले ३० म्हणजे ४३२. एवढे वॅट तर हा बॅटरीकडूनच घेतो, आणि त्यातलेही काही उष्णतेत जातात. चांगल्या क्लास-डी जातीचा (कमी तापणारा) असेल तर साडेतीनशेच्या आसपास बाहेर पडतील, जुन्या क्लास-एबीचा असेल तर अडीचशे-पावणेतीनशे. तीन हजार येणार कुठून? माणूस फ्यूजकडे बघतच राहिला. मी त्याला ‘फसलात’ म्हणालो नाही, गरजच पडली नाही. अमेरिकेत २००३ पासून सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) नावाचं मानक आहे. ॲम्पची ताकद किती व्होल्टला, किती ओहमला आणि किती विकृतीच्या आत मोजायची, ते त्यात ठरवून दिलंय. चांगल्या कंपन्या त्याप्रमाणे आरएमएस (सतत देता येणाऱ्या ताकदीचा) आकडा छापतात. बाकीचे खोक्यावर जागा उरली म्हणून शून्य वाढवतात. हे गिऱ्हाइकाला कुठलंही ॲप हातात फ्यूज देऊन सांगणार नाही.

वायरचंही तेच. ‘चार गेज’ (वायरच्या जाडीचं माप) लिहिलेलं किट, हाताला जाड लागतं, पण जाडी सगळी प्लास्टिकची. आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं तांब्याच्या जेमतेम ६० टक्के. म्हणजे तेवढाच करंट न्यायचा तर वायर जाड हवी, आणि इथे ती उलट बारीक. काउंटरवर दोन्ही वायरींचे वीतभर तुकडे सोलून ठेवा. बोलावं लागत नाही.

इथवर आपलं कौतुक झालं. आता आपली पापं. ती आपल्याशिवाय कोण सांगणार?

गाडीचा मूळ कपलर (वायरी जोडणारा प्लग) कापणारे किती जण आहेत आपल्यात? हात वर करायला सांगत नाही. दहा मिनिटं वाचवायला कंपनीची वायर कापायची, उघडी टोकं पिळायची, वर काळी टेप. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशमागे त्या टेपचा डिंक पाझरतो, गुंडाळी सैल होते आणि एक दिवस दोन वायरी एकमेकींना भेटतात. गाडीप्रमाणे तयार कपलर मिळतो, तो मागवायला दोन दिवस लागतात म्हणून आपण कापतो. डोअर पॅड काढताना तुटलेल्या क्लिपा तशाच दाबून बसवतो, मग दार खडखडतं आणि आपण म्हणतो ‘बास जास्त आहे ना साहेब, वाजणारच’. गेन म्हणजे आवाजाचा नॉब समजून फिरवतो. तो नॉब डेकच्या आउटपुटशी ॲम्पचा मेळ घालायला असतो. तो टोकाला नेला की ध्वनीलहरीचे माथे छाटले जातात, ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जळतो, आणि आपण कंपनीला शिव्या देत नवा ट्विटर विकतो. साधा मल्टिमीटर लावून गेन बसवता येतो. किती जण लावतात?

आणि भावाचं बोलायचं तर, गाडी बघून भाव सांगणारे आपणच. एकाला एक, दुसऱ्याला दुसरा. ऑनलाइनचा भाव सगळ्यांना एकच दिसतो, म्हणून त्यावर विश्वास बसला. ‘ऑनलाइन सगळा डुप्लिकेट माल असतो’ असं सरसकट सांगणारेही आपणच. सगळा नसतो. गिऱ्हाइकाने एकदा अस्सल माल मागवला, सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर जुळवून बघितला, की पुढच्या वेळी आपण खरं सांगितलं तरी तो ऐकत नाही.

खरी गाऱ्हाणी आहेत, ती मी नाकारत नाही. परत आलेला, उघडलेला माल पुन्हा नवा म्हणून पाठवणारे विक्रेते आहेत. सिरियल नंबर खरवडलेली खोकी माझ्याही टेबलावर आली आहेत, आणि अशा मालाची वॉरंटी कंपनी मानत नाही हे गिऱ्हाइकाला सांगायचं अप्रिय काम आपल्या वाट्याला येतं. आणि कंपन्या! एकीकडे आपल्याला डिस्प्ले बोर्ड लावायला सांगतात, टार्गेट देतात, दुसरीकडे तोच स्पीकर स्वतःच तिकडे आपल्या खरेदीच्या खाली सोडतात. त्यांना वेगळं पत्र लिहायला हवं आणि लिहिणार आहे. पण त्या पत्राचं उत्तर येईपर्यंत दुकान बंद ठेवणार आहात का?

त्यातही एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. डेकचा धंदा ऑनलाइनने कमी नेला, गाडी बनवणाऱ्यांनी जास्त नेला. एके काळी बहुतेक गाड्यांच्या डॅशमध्ये १८० बाय ५० मिलिमीटरची खाच असायची, नाहीतर तिच्या दुप्पट उंचीची. डिन साइझ. कुठलाही डेक कुठल्याही गाडीत, यावर आपली पिढी जगली. आता डॅशवर काचेची पाटी, म्हणजे टचस्क्रीन, चिकटलेली. तिच्यातच एसी, तिच्यातच रिव्हर्स कॅमेरा, गाडीच्या सेटिंग्ज, सेन्सरची टिकटिक. स्टिअरिंगवरची बटणं कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या तारांवर, बोलतात. ती पाटी काढून तिथे लावायचं काय? २०१४-१५ नंतर फोन गाडीच्या स्क्रीनला जोडणारे कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो आले आणि फोनच डेक झाला. म्हणजे डब्यावरचा नफा ऑनलाइन नसतं तरी जाणारच होता.

राहिलं काय? आवाज. कंपनीची पाटी तशीच ठेवून तिच्या मागून सिग्नल घ्यायचा, कारखान्याने छोट्या स्पीकरांना जपायला आवाज वाढेल तसा कापलेला बास डीएसपीने (आवाजाचा तोल सावरणाऱ्या डिजिटल यंत्राने) भरून काढायचा, मग ॲम्प, मग चांगले स्पीकर. हे काम अवघड झालंय, आणि अवघड झालंय हीच आपल्यासाठी चांगली बातमी. खोक्यात हे भरून पाठवता येत नाही. गाडीत ड्रायव्हर मध्यभागी बसत नाही, हे किती साधं सत्य आहे! जवळचा स्पीकर कानापासून ८० सेंटिमीटर, लांबचा दीड मीटर. आवाज एका सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ७० सेंटिमीटरचा फरक म्हणजे दोन मिलिसेकंद. जवळच्याला तेवढा उशीर लावला, की गाणारा माणूस दाराच्या कोपऱ्यातून उठून समोर डॅशच्या मधोमध येऊन उभा राहतो. पहिल्यांदा हे ऐकणाऱ्याचा चेहरा बघा. मी अजून बघतो, मला अजून मजा येते.

आणि दार! स्पीकर कितीही भारी असो, दाराच्या आतल्या पत्र्याला भोकं तशीच असतील तर स्पीकरच्या पडद्याच्या मागचा आवाज त्यातून पुढे येऊन पुढचा आवाज मारून टाकतो. भोकं बंद केली, ब्युटाइलची (पत्र्याची थरथर मारणाऱ्या रबराची) शीट चिकटवून रोलर फिरवला, की त्याच जुन्या स्पीकरातून बास येतो. कित्येकदा गिऱ्हाइकाला मी नवा स्पीकर विकलाच नाही, फक्त दाराची भोकं बंद केली आणि दिवसाची मजुरी घेतली. डब्याचा धंदा मानणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल.

हे करायचं तर शिकावं लागेल, आणि इथे आपण कच्चे आहोत. लॅपटॉप, मापाचा माइक, पिंक नॉइज (मापासाठी वाजवायचा खरखराट) हे शब्द ऐकले की आपल्यातले जुने लोक म्हणतात, ‘आमचे कान आहेत’. कान हवेतच, पण कान थकतात आणि वयाबरोबर वरचे सूर ऐकणं सोडतात. माझे सोडताहेत. ट्विटरचं शेवटचं माप मी आता माइककडून घेतो आणि धाकट्या पोराला ऐकायला बसवतो. अमेरिकेत फिटरसाठी एमईसीपी नावाची परीक्षा आहे, पास होणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. आपल्या पोरांना आपण काय देतो? ‘पाना दे, टॉर्च धर.’ मग तीन वर्षांनी पोरगं दुसरीकडे जातं आणि आपण म्हणतो, हल्लीची पोरं टिकत नाहीत.

ऐकवण्याबद्दलही थोडं. भिंतीवर स्पीकरांचा बोर्ड लावून बटणं दाबून ऐकवणं बंद करा असं मी म्हणेन. दुकानाच्या खोलीत जे ऐकू येतं ते गाडीच्या दारात येत नाही, आणि तो बोर्ड तर कुठूनही मागवायचा माल ऐकून ठरवायला लोकांना फारच सोयीचा. एक गाडी तयार ठेवा, आपली स्वतःचीच. १९३० साली पॉल गॅल्विनने मोटारीचा रेडिओ पहिल्यांदा व्यापाऱ्यांना दाखवला, तेव्हा अमेरिकेत अटलांटिक सिटीला भरलेल्या रेडिओ कारखानदारांच्या अधिवेशनात त्याच्याकडे स्टॉल नव्हता. शिकागोहून तो रेडिओ बसवलेली स्टुडबेकर चालवत नेली, बाहेर उभी केली आणि आवाज मोठा केला. तो रेडिओ म्हणजे मोटोरोला. तेव्हाचं फिटिंग आठवलं तर आपण लाड करून घेतोय असं वाटेल. छताच्या कापडाखाली एरियल, स्पार्क प्लगांची खरखर मारायला वेगळे सप्रेसर, असा सगळा खटाटोप. शंभरेक वर्षांपूर्वीही या धंद्यात रेडिओ बनवण्याइतकंच तो बसवणं अवघड होतं.

मजुरीचा तक्ता लावा, सगळ्यांना दिसेल असा. डेक बदलणं, दोन दारं, चार दारं, ॲम्प आणि वायरिंग, डॅम्पिंग (दाराला शीट लावणं), ट्यूनिंग, बाहेरच्या मालाची तपासणी. प्रत्येकापुढे आकडा, आणि तोच आकडा भारी गाडीलाही. डब्यावर जे सुटेल ते सुटेल. तो भाव ऑनलाइनच्या जवळ आणता आला तर आणा, नाही आला तर गिऱ्हाइकाला सरळ सांगा की तिकडून घ्या, बसवायला इकडे या. पहिले काही महिने जड जातील. मला गेले. काही जुनी गिऱ्हाइकं तक्ता बघून म्हणाली, ‘आता हेही पैसे?’ त्यांना मी जुनं बिल आणि नवं बिल शेजारी ठेवून दाखवलं. बेरीज जवळजवळ सारखीच होती, फक्त आता दोन ओळींत होती. काहींना पटलं, दोघं-तिघं परत आले नाहीत.

संघटनेच्या पुढच्या बैठकीत ‘ऑनलाइन विक्रीवर निर्बंधांची मागणी’ हा पहिला विषय ठेवला आहे असं कळलं. माझी विनंती, तो दुसऱ्या क्रमांकावर घ्या आणि पहिल्यावर मजुरीचा तक्ता ठेवा. माझा तक्ता मी प्रती काढून आणतो. आकडे चुकीचे वाटले तर तिथेच सगळ्यांसमोर लाल पेनने खोडा. जळक्या वायरचा तो तुकडाही आणतो, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आपला,
डॅशखाली आयुष्य गेलेला एक फिटर